ट्रकवरील डिफ्लेक्टर आणि स्कर्ट : डिझेल किती वाचते, तोल किती सावरतो?

लांब पल्ल्याच्या ट्रॅक्टर-ट्रेलरच्या टपावर पुढून उतरता आणि मागे चढत गेलेला फायबरचा उभार आता देशातील महामार्गांवर नवलाईचा राहिलेला नाही. हा एअर डिफ्लेक्टर. त्याच्या जोडीला केबिनच्या मागच्या कडांना लावलेले उभे पंख, ट्रेलरच्या पोटाखालची मोकळी जागा झाकणारे स्कर्ट आणि मागच्या दाराभोवती आत वळवलेल्या फळ्या असतात. या साऱ्या संचाला वायुगतिकीय जोडण्या म्हणतात. त्यांच्याविषयी दोन दावे नेहमी एका दमात केले जातात. एक, डिझेल वाचते. दोन, गाडी रस्त्यावर अधिक स्थिर राहते. पहिला दावा खरा आहे. मात्र तो वेगाच्या अटीला बांधलेला आहे. दुसऱ्या दाव्यात तथ्याचा अंश लहान आहे आणि त्यावर विसंबून वळणावर वेग न आवरणे जिवावर बेतू शकते.

देशातील बहुतांश मालवाहतूक रस्त्याने होते आणि लांब पल्ल्याच्या ट्रकच्या चालू खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

हवेचे गणित

धावत्या ट्रकला हवेचा होणारा रोध चार गोष्टींवर ठरतो : हवेची घनता, गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, तिच्या आकाराचा रोधगुणांक आणि वेगाचा वर्ग. यातील शेवटची बाब निर्णायक आहे. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो आणि तो रोध सारण्यासाठी इंजिनाला द्यावी लागणारी शक्ती आठपट होते. याउलट, टायर रस्त्यावर लोळताना होणारा रोध प्रामुख्याने वजनावर ठरतो. वेगाबरोबर तो फारसा बदलत नाही.

एक उदाहरण घेऊ. एकूण ४० टन वजनाचा कंटेनर ट्रेलर, समोरचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर, रोधगुणांक ०.८ आणि सपाट, चांगला रस्ता. टायरांचा रोधगुणांक ०.००७ धरला तर टायरांचा रोध सुमारे २,७५० न्यूटन भरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे ५३० न्यूटन, म्हणजे एकूण रोधाच्या जेमतेम १६ टक्के. ताशी ६० ला तो १,२०० न्यूटन, म्हणजे ३० टक्के होतो. ताशी ८० ला तो २,१३० न्यूटनपर्यंत जातो आणि एकूण रोधातील त्याचा वाटा ४४ टक्के होतो. हाच ट्रेलर रिकामा, १४ टनांचा, परत येत असेल तर ताशी ८० वेगाला दोन तृतीयांशाहून अधिक झुंज हवेशी चाललेली असते. परतीच्या रिकाम्या फेरीत आकाराचा फायदा अधिक मिळतो, ही गोष्ट बहुतेक हिशेबांत सुटते.

घाटात मात्र सगळे उलटते. दर २५ मीटरमागे १ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ४० टनांची गाडी वर ओढण्यासाठीच १५,००० न्यूटनांहून अधिक बल लागते. कसारा किंवा खंबाटकी घाट ताशी २० किलोमीटरने चढणाऱ्या ट्रकच्या टपावर डिफ्लेक्टर आहे की नाही, याने डिझेलच्या टाकीत काहीही फरक पडत नाही.

सायकलवरून सुरू झालेले संशोधन

ट्रकला हवेतून सुलभ वाट काढून देण्याची कल्पना जुनी आहे. केबिनच्या टपावर बसवायच्या पट्टीचे पेटंट वॉल्टर सेल्डन साँडर्स यांना १९६६ मध्ये अमेरिकेत मिळाले आणि ती ‘एअरशील्ड’ या नावाने बाजारात आली. त्या पेटंटच्या शीर्षकातच समोरचा आणि बाजूचा अशा दोन्ही वायुरोधांचा उल्लेख होता. बचत आणि स्थैर्य ही जोडी तेव्हापासूनची. या पट्टीवरून पुढे मोठी न्यायालयीन लढाई झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने पेटंट वैध ठरवले. एका वाकवलेल्या पत्र्यासाठी कंपन्या न्यायालयात इतके दूर जातात, यावरून त्यातील पैशाचा अंदाज यावा.

शास्त्रीय मोजमापाचे मोठे काम अमेरिकेची अंतराळ संस्था नासाने केले. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळावरील तिचे अभियंते एडविन साल्ट्झमन सायकलने ये-जा करीत. शेजारून मोठा ट्रक गेला की हवा प्रथम त्यांना रस्त्याच्या कडेला ढकलत असे आणि लगेच ट्रकच्या दिशेने ओढून घेत असे. हवा इतकी ढवळून निघते, त्या अर्थी ट्रकची बरीच ऊर्जा तिच्यावर खर्च होत असली पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात आला. १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास त्यांच्या गटाने एका व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे काटकोनात ठोकून तिला अक्षरशः बुटांच्या खोक्याचा आकार दिला आणि मग एकेक कोपरा गोल करीत रोध मोजला. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर तो ४० टक्क्यांनी घटला. आडव्या कडाही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांवर गेली. त्यासाठी आतील माल भरण्याची जागा केवळ तीन टक्क्यांच्या आसपास कमी झाली. आज आपण रस्त्यावर पाहतो त्या गोलसर केबिनच्या रूपात या प्रयोगांचा वारसा टिकून आहे.

कोणती जोडणी काय करते

टपावरील डिफ्लेक्टर हवेला केबिनवरून उचलून थेट मागच्या कंटेनरच्या माथ्यावर सोडतो. तो नसेल तर केबिनपेक्षा उंच असलेल्या कंटेनरच्या सपाट कपाळावर हवा आदळते. उपाय साधा आहे; पण त्याला एक अट आहे. डिफ्लेक्टरच्या मागे त्याच्याइतकीच उंच, पेटीसारखी बॉडी हवी. लोखंडी सळ्या किंवा पोलादाच्या गुंडाळ्या नेणाऱ्या सपाट ट्रेलरवर उंच डिफ्लेक्टर लावला तर समोरचे क्षेत्रफळच वाढते आणि बचतीऐवजी तोटा पदरी पडतो. कमी-अधिक उंचीचा माल नेणाऱ्यांनी कोन बदलता येणारा डिफ्लेक्टर घ्यावा आणि तो प्रत्यक्षात बदलावा. अनेक ट्रकवर तो एकदा घट्ट केलेल्या कोनातच वर्षानुवर्षे राहतो.

केबिन आणि ट्रेलर यांच्यामधील फट ही रोधाची दुसरी मोठी जागा. वारा तिरका आला की तो या फटीत शिरून भोवरे करतो. केबिनच्या मागच्या कडांवरील उभे पंख ती फट अरुंद करतात. तिसरी जागा ट्रेलरच्या पोटाखालची. तिथे हवा चाके, आस आणि आडव्या तुळयांवर आपटत जाते. स्कर्ट तिला बाहेरच थोपवतात आणि वारा तिरका असेल तेव्हा त्यांचा उपयोग वाढतो. चौथी जागा मागची. सपाट दारामागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो गाडीला मागे खेचत राहतो. मागच्या कडांना आत वळलेल्या फळ्या लावल्या की हा पट्टा आक्रसतो. धक्क्यावर दारे उघडताना मात्र त्या प्रत्येक वेळी दुमडाव्या लागतात.

टपाच्या कडेला चिकटवायच्या लहान त्रिकोणी पट्ट्याही विकल्या जातात. त्यांच्याबद्दल केले जाणारे मोठ्या बचतीचे दावे स्वतंत्र चाचण्यांत टिकलेले नाहीत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्मार्टवे’ कार्यक्रमात ट्रेलरवरील जोडण्यांची तपासणी करून त्यांना १, ४, ५ आणि ९ टक्के बचतीच्या श्रेणी दिल्या जातात. चांगले स्कर्ट साधारणपणे ४ ते ५ टक्क्यांच्या श्रेणीत येतात. स्कर्ट आणि मागच्या फळ्या मिळून ९ टक्के गाठता येतात. कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २००८ मध्ये नियम करून लांब बंदिस्त ट्रेलरवर अशा जोडण्या सक्तीच्या केल्या. देशपातळीवर २०१६ मध्ये आणलेला ट्रेलरविषयक नियम मात्र न्यायालयात टिकला नाही. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसल्याने तो ‘मोटार वाहन’ ठरत नाही, असे अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये म्हटले. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशाद्वारे लांबीची मर्यादा शिथिल करून मागच्या फळ्यांना आणि गोलसर, लांब केबिनला वाट करून दिली.

सर्व उपाय एकत्र केले तर काय घडते, याचे उत्तर अमेरिकी ऊर्जा विभागाच्या ‘सुपरट्रक’ प्रकल्पात मिळाले. डेमलरच्या फ्रेटलायनर ट्रकने २०१५ मध्ये गॅलनमागे १२.२ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ५.२ किलोमीटर इतकी सरासरी नोंदवली. त्या वेळी एकूण वजन सुमारे २९ टन होते. इंजिन, टायर आणि आकार या तिन्हींचे ते फळ आहे. त्यातील एखादाच तुकडा विकत घेऊन तसा आकडा मिळण्याची अपेक्षा कोणी धरू नये.

भारतीय रस्त्यावरील उत्तर

परदेशी आकडे ताशी १०५ किलोमीटरच्या आसपासच्या स्थिर वेगाचे आहेत. भारतात मालवाहू वाहनांसाठी २०१८ मध्ये सुधारलेली कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गांवर आणि चौपदरी दुभाजकयुक्त महामार्गांवरही ताशी ८० किलोमीटर आहे. वेगनियंत्रकही याच आकड्याला बांधलेले असतात. वर दिलेल्या उदाहरणातील ट्रेलरसाठी हिशेब केला तर ताशी १०५ वेगाला ५ टक्के डिझेल वाचवणारी जोडणी ताशी ८० ला सुमारे पावणेचार टक्के, ताशी ६० ला अडीचच्या आसपास आणि ताशी ४० ला दीड टक्क्याच्या आत बचत देते. सपाट रस्ता आणि स्थिर वेग हे यात गृहीत आहे. गतिरोधक, गावांतील कोंडी आणि ब्रेक यांत जाणारी ऊर्जा धरली की आकडे आणखी खाली येतात.

रुपयांत सांगायचे तर, वर्षाला एक लाख किलोमीटर धावणारा आणि लिटरमागे साडेतीन किलोमीटर देणारा ट्रेलर सुमारे २८,५०० लिटर डिझेल पितो. निम्मे अंतर मोकळ्या महामार्गावर आणि निम्मे संथ रस्त्यावर गेले, तर सरासरी बचत अडीच टक्के, म्हणजे सुमारे ७०० लिटर होईल. लिटरला ९० रुपये धरले तर ही रक्कम ६० हजारांच्या पुढे जाते. बंदरातून गोदामापर्यंतच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या ट्रेलरला यातील चतुर्थांशही मिळणे कठीण. त्यामुळे ‘डिफ्लेक्टरने किती वाचते’ या प्रश्नाआधी ‘तुमची गाडी ताशी ७० च्या वर किती वेळ असते’ हे विचारावे लागते.

हे उत्तर बदलते आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमेवरील करनाके हटले, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि द्रुतगती मार्गांची लांबी वाढली. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अशा मार्गावर ट्रक तासन्‌तास एकाच वेगाने धावू शकतो आणि वायुगतिकीय जोडणीला हवी असलेली परिस्थिती नेमकी हीच आहे.

अडचणी आहेत त्या गाडीच्या बांधणीत. देशात असंख्य ट्रक नुसत्या चासीच्या रूपात विकले जातात आणि हौदा बॉडी-बिल्डरकडे बांधला जातो. तमिळनाडूतील नामक्कल, पंजाबातील सरहिंद ही त्यासाठीची नामांकित गावे. तिथे भर असतो तो मजबुतीवर आणि मालाच्या जागेवर. टपावरचा सामानाचा कठडा, बाहेरचा रुंद सनशेड, जादा भोंगे आणि वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री हे सगळे रोध वाढवणारे घटक. ताडपत्री ताणून बांधणे आणि टपावरचे अडगळीचे सामान खाली घेणे यांना खर्च काहीच येत नाही. स्कर्टची अडचण वेगळी आहे. उंच गतिरोधकांवर ते घासतात, चिखलाने भरतात आणि स्टेपनी काढताना आड येतात.

सरकारी चाचणीपद्धतीतूनही या जोडण्यांना फारसे उत्तेजन मिळालेले नाही. ऊर्जा मंत्रालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांहून जड वाहनांसाठी अधिसूचित केलेले इंधनवापराचे निकष ट्रकसाठी ताशी ४० आणि ६० किलोमीटरच्या स्थिर वेगावरील चाचणीवर आधारले गेले. या वेगांना हवेचा वाटा लहान असल्याने उत्पादकाला आकार सुधारण्याचे श्रेयही लहानच मिळते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. गॅरेजमध्ये ठोकून घेतलेल्या पत्र्यापेक्षा उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेला संच घेणे शहाणपणाचे. लांबी, रुंदी आणि उंचीच्या मर्यादांतही तो बसला पाहिजे.

स्थैर्याचा दावा

गाडी स्थिर होते, असे चालक सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. डिफ्लेक्टर आणि फट झाकणारे पंख यांमुळे केबिनमागचे भोवरे शांत होतात, गाडीचे थरथरणे घटते आणि स्टिअरिंगला बारीक-सारीक सावरणे कमी लागते. बारा तासांच्या प्रवासात हा आराम मोलाचा आहे. मात्र, हा आराम आणि गाडी न उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आडव्या वाऱ्याचा विचार करू. ४० फुटी कंटेनरची बाजू सुमारे ३२ चौरस मीटर भरते. ताशी ७२ किलोमीटरचा वारा तिच्यावर आडवा आला तर साधारण पाऊण टनाचे बल लागते. वारा दुप्पट झाला तर तीन टन. भरलेल्या गाडीला वजन तारते. धोका रिकाम्या कंटेनरला असतो. तमिळनाडूत कन्याकुमारीजवळच्या आरलवायमोळी खिंडीच्या परिसरात वाऱ्याचा जोर इतका की मुप्पंडलची पवनचक्क्यांची मोठी वसाहत तिथेच उभी राहिली. अशा ठिकाणी, उंच पुलांवर किंवा चक्रीवादळाच्या दिवसांत किनाऱ्यालगत रिकामा कंटेनर नेताना वेग उतरवणे आणि वेळप्रसंगी गाडी थांबवणे, हाच उपाय आहे. स्कर्टमुळे बाजूचे क्षेत्रफळ थोडे वाढते, त्यामुळे आडवे बलही थोडे वाढते. ते जमिनीलगत लागत असल्याने गाडी उलटवण्यात त्याचा हातभार जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे स्कर्ट या बाबतीत ना मोठा शत्रू, ना मोठा मित्र.

वळणावर उलटणाऱ्या ट्रकचा तर हवेशी संबंधच जवळपास नसतो. तिथे गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वेग यांचा हिशेब चालतो. उंच रचलेल्या मालाचा ट्रेलर गुरुत्वत्वरणाच्या साधारण ०.३५ पट बाजूच्या त्वरणाला आतली चाके उचलू लागतो, असे धरू. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही सीमा ताशी ५० किलोमीटरच्या थोडी पुढे येते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रव एका बाजूला धावत असल्याने ती त्याहून अलीकडे येते. टपावरचा उभार इथे काहीच करू शकत नाही. माल खाली आणि मध्यावर रचणे, तो घट्ट बांधणे, वळणाआधी वेग कमी करणे आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली हे यावरचे उपाय. ही प्रणाली युरोपात २०१४ पर्यंत बहुतेक नव्या जड वाहनांवर बंधनकारक झाली.

स्थैर्याचा आणखी एक पैलू आहे, तो ट्रकबाहेरच्यांचा. साल्ट्झमन यांना सायकलवर जाणवलेला धक्का आणि ओढ भारतातील दुचाकीस्वार रोज अनुभवतात. पोटाखालची हवा बाहेर न फेकणारा, गोल कडांचा ट्रक शेजारच्याला कमी हेलकावतो आणि पावसात चिखलपाण्याचा फवाराही कमी उडवतो. मात्र, स्कर्टचा पातळ पत्रा म्हणजे बाजूचे संरक्षक कठडे नव्हेत. दुचाकी चाकांखाली जाऊ नये म्हणून नियमांनी आवश्यक केलेले ते कठडे स्कर्टच्या आतही हवेतच.

दावा तपासायचा कसा

एका फेरीत लिटरमागे किती किलोमीटर मिळाले, यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वारा, तापमान, माल आणि चालकाचा पाय यांनीच पाच-सात टक्क्यांचा फरक पडतो. तपासणीची मान्य पद्धत म्हणजे एकाच वेळी दोन सारखे ट्रक चालवणे : एक जोडणीसह, दुसरा कोणताही बदल न करता. दोघांचा भार आणि टायरमधील हवा सारखी हवी, मार्ग एकच हवा. इंधन टाकीच्या काट्यावर न मोजता वजनावर मोजावे आणि फेऱ्या अनेक घ्याव्यात. दुसऱ्या पद्धतीत गाडी वेगात आणून न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती मंदावण्यास किती वेळ लागतो ते नोंदवतात. त्यासाठी लांब, सपाट धावपट्टी लागते. इंदूरजवळ पिथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ चाचणी केंद्रात जून २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग उपलब्ध आहे.

ताफ्याच्या मालकाला एवढा खटाटोप शक्य नसेल तर दोन सारख्या गाड्या एकाच मार्गावर तीन महिने चालवून, मध्यावर चालकांची अदलाबदल करून डिझेलच्या पावत्या ताडून पाहता येतात. त्याच काळात आणखी एक प्रयोग करून पाहावा : ताशी ८० ऐवजी ७० ने गाडी चालवण्याचा. त्याने हवेचा रोध २३ टक्क्यांनी उतरतो. कोणत्याही स्कर्टला हे साधत नाही आणि वळणावरचा धोकाही यात घटतो. फेरीला लागणारा जादा वेळ मात्र हिशेबात धरावा लागेल.

जोडणी बसवल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. सैल झालेला डिफ्लेक्टर ताशी ८० वेगाला निखळला तर तो मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या अंगावर जातो.